कृत्रिम चेहरे, खरी माणसे: डीपफेकच्या नीतिमत्तेवर डिजिटल कलाकृती करू पाहणाऱ्या मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करणारी बनावट चित्रफीत, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब बनवलेला ‘डीपफेक’, समाजमाध्यमांवर फिरू लागली. ती खोटी असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले आणि मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजारालाही, आपल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या तोंडी शेअर्सच्या शिफारशी घालणाऱ्या बनावट चित्रफितींबद्दल गुंतवणूकदारांना सावध करावे लागले. चित्रपट, क्रिकेट आणि शेअर बाजार ही तिन्ही क्षेत्रे ज्या शहरात नांदतात, तिथे या विषयाची झळ लवकर पोहोचणे स्वाभाविक आहे. कलाशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, जाहिरात किंवा अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात नोकरी करणारी अनेक मुले-मुली आता या विषयावर स्वतःची कलाकृती करू पाहत आहेत. मी अशा कामांतून गेले आहे आणि या वाटेवर कागदपत्रांपासून केबलपर्यंत कुठे अडायला होते, ते एका ठिकाणी नीट मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. बहुतेकांची पहिली कल्पना एकच असते: एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीची हुबेहूब बनावट चित्रफीत करायची, ती पाहून लोक फसले की ‘बघा, किती सहज फसलात’ असे दाखवून द्यायचे. कायद्याच्या दृष्टीने ही कल्पना सर्वांत धोक्याची आहे आणि कलेच्या दृष्टीने सर्वांत दुबळी, कारण ज्या वागण्यावर बोट ठेवायचे तेच वागणे कलाकार स्वतः करून मोकळा होतो. या प्रकारच्या कामात नीतिमत्ता हा विषय असतोच, पण चेहरा कोणाचा घेतला, त्याला विचारले का, मोबदला दिला का आणि प्रेक्षकाला खरे केव्हा सांगितले, या गोष्टी कलाकृतीचाच भाग असतात. पुढचे सगळे टप्पे हे गृहीत धरून लिहिले आहेत.

१. प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

‘डीपफेकचे दुष्परिणाम’ हा वर्तमानपत्राच्या पुरवणीचा विषय झाला. त्यातून कलाकृती उभी राहत नाही. प्रश्न इतका नेमका हवा की त्यावरून कोणाला भेटायचे आणि काय ध्वनिमुद्रित करायचे ते ठरावे. उदाहरणार्थ, डबिंग करणाऱ्या कलाकाराच्या आवाजाची प्रतिकृती तयार झाल्यावर तिच्यावर हक्क कोणाचा? गेलेल्या आजोबांचा फोटो हलता-बोलता करून घरच्यांना दाखवला, तर त्यांच्या मूळ आठवणीचे काय होते? आईच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला, तर मुलगा तो नेमका कशावरून ओळखेल? यांपैकी प्रत्येक प्रश्नासाठी माणसे वेगळी लागतात आणि माध्यमही वेगळे लागते. तिसऱ्या प्रश्नासाठी तर चित्राची गरजच नाही. अंधाऱ्या खोलीत एक टेलिफोन पुरेसा आहे.

२. आधी झालेले काम पाहून घ्या

तीन कामे अवश्य अभ्यासावीत. पहिले फ्रान्सेस्का पनेटा आणि हॅल्सी बर्गंड यांचे ‘इन इव्हेंट ऑफ मून डिझास्टर’, २०१९ चे. चंद्रावर गेलेले अंतराळवीर परतले नाहीत तर अमेरिकेच्या अध्यक्षांनी करायचे भाषण १९६९ मध्ये लिहून ठेवलेले होते. ते कधीच झाले नाही. या कलाकारांनी ते रिचर्ड निक्सन यांच्या कृत्रिम चेहऱ्याने आणि आवाजाने वदवून घेतले, मात्र मांडणीसोबत हे सारे कसे बनवले याची माहितीही प्रेक्षकांना दिली. दुसरे अ‍ॅना रिडलर यांचे ‘मिरियड (ट्यूलिप्स)’. संगणकाला शिकवण्यासाठी त्यांनी ट्यूलिपच्या फुलांची १०,००० छायाचित्रे स्वतः काढली, प्रत्येकावर हाताने नोंद लिहिली आणि तो संग्रहच भिंतीवर मांडला. यंत्राला शिकवण्याचे साहित्य आकाशातून पडत नाही, कोणाच्या तरी श्रमांतून येते, हे त्या भिंतीकडे पाहून कळते. तिसरे ट्रेव्हर पॅग्लन आणि केट क्रॉफर्ड यांचे २०१९ चे ‘इमेजनेट रूलेट’. त्यात लोक स्वतःचे छायाचित्र देत आणि ‘इमेजनेट’ या प्रसिद्ध छायाचित्रसंग्रहावर शिकलेले यंत्र त्यांना कोणते, अनेकदा अपमानास्पद, नाव देते ते पाहत. त्या संग्रहाच्या चालकांनी माणसांची सुमारे ६ लाख छायाचित्रे काढून टाकण्याचे त्याच काळात जाहीर केले.

आपल्याकडे २०१८ मध्ये दिल्लीच्या नेचर मॉर्ट कलादालनात ‘ग्रेडियंट डिसेंट’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या कलेचे प्रदर्शन झाले. ते पाहायला मिळाले नसले, तरी त्यातल्या कलाकारांची पुढची कामे पाहावीत. यंत्राच्या करामतीचे कौतुक करणारे काम आणि यंत्राला प्रश्न विचारणारे काम यांतला फरक त्यातून लक्षात येतो.

३. चेहरा किंवा आवाज कोणाचा, हे ठरवा

सर्वांत सोपी निवड म्हणजे तुम्ही स्वतः. पहिली कलाकृती स्वतःच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर करावी, असा माझा आग्रह आहे. आपलाच आवाज आपण कधीही न उच्चारलेले वाक्य बोलतो, ते ऐकताना अंगावर येणारा काटा एकदा स्वतः अनुभवला, की दुसऱ्याकडे संमती मागताना आपण नेमके काय मागत आहोत याची जाण येते.

दुसरी निवड म्हणजे ओळखीची, पूर्ण कल्पना देऊन सहभागी झालेली प्रौढ व्यक्ती. तिसरी म्हणजे व्यावसायिक नट किंवा आवाज-कलाकार. अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये डबिंगवर पोट असलेली शेकडो माणसे आहेत आणि आवाजाच्या प्रतिकृतीमुळे त्यांच्या रोजीरोटीवर थेट परिणाम होतो. म्हणून त्यांना एका दिवसाच्या ध्वनिमुद्रणाचा नेहमीचा दर देऊन काम उरकणे बरोबर नाही. प्रतिकृती तयार करण्याचा मोबदला वेगळा ठरवा आणि ती या एकाच कलाकृतीपुरती राहील, असे लिहून द्या.

प्रसिद्ध व्यक्तींचा मार्ग नवख्यांनी टाळावा. सत्ताधाऱ्यांवर किंवा बलाढ्यांवर टीका करणारी परंपरा कलेत आहे आणि ती असायलाच हवी. २०१९ मध्ये बिल पोस्टर्स आणि डॅनियल हाऊ या कलाकारांनी मार्क झुकरबर्ग यांची बनावट चित्रफीत त्यांच्याच कंपनीच्या इन्स्टाग्रामवर टाकली, ती याच परंपरेतली. पण तिथे टीकेचा विषय तीच व्यक्ती आणि तिची सत्ता होती. केवळ ओळखीचा चेहरा दिसला की गर्दी जमते म्हणून एखाद्या अभिनेत्रीचा चेहरा घेणे म्हणजे टीका नव्हे, ती वापरलेली प्रसिद्धी आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात तर कोणत्याही राजकीय व्यक्तीचा कृत्रिम चेहरा किंवा आवाज प्रदर्शनात ठेवू नये.

दिवंगत व्यक्तींबाबत कायदा तुलनेने गप्प आहे. व्यक्तिमत्त्वाचे हक्क, म्हणजे आपले नाव, चेहरा, आवाज यांच्या वापरावरचा अधिकार, मृत्यूबरोबर संपतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका अभिनेत्याच्या संदर्भात म्हटले. परंतु घरच्यांच्या भावना संपत नाहीत. एका मुलाने होकार दिला आणि दुसऱ्या मुलीने नकार दिला, तर नकार धरावा. संत, राष्ट्रपुरुष आणि देवतांच्या बाबतीत प्रश्न कुटुंबाचा राहत नाही, तो समाजाचा होतो. पहिल्या-दुसऱ्या कामात त्या वाटेला जाऊ नये.

तीन गोष्टी कोणत्याही कारणाने करू नयेत: १८ वर्षांखालील मुलांचे चेहरे, समाजमाध्यमांवरून उचललेली अनोळखी माणसांची छायाचित्रे, आणि कोणाचीही नग्न किंवा अर्धनग्न कृत्रिम प्रतिमा. ‘हे निषेधासाठीच केले आहे’ या सबबीने तिसरी गोष्ट क्षम्य होत नाही. जिची प्रतिमा केली, तिच्या दृष्टीने ती पुन्हा एकदा झालेली विटंबनाच असते.

४. संमतीपत्र: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

चित्रपट-निर्मितीत वापरले जाणारे छापील रिलीज फॉर्म (चेहरा-आवाज वापरण्याची परवानगी देणारे कागद) इथे चालत नाहीत. त्यांत ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी, जगभर’ अशी भाषा असते आणि नेमकी तीच भाषा तुमच्या कलाकृतीच्या गाभ्याशी विसंगत आहे. संमतीपत्र मराठीत आणि सहभागी व्यक्तीला समजेल अशा शब्दांत लिहा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी, असे सांगतो. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत सूचना मिळण्याची सोय त्यात आहे आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असेही तो म्हणतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांतली बहुतेक कर्तव्ये टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र कायद्याची तारीख उजाडण्याची वाट न पाहता ही चौकट आजच स्वीकारावी.

पत्रात पुढील गोष्टी स्वच्छपणे याव्यात. काय घेतले जाणार: किती मिनिटांचा आवाज, किती छायाचित्रे, कोणत्या दिवशी. त्यातून काय तयार होणार: चेहऱ्याची प्रतिकृती, आवाजाची प्रतिकृती की दोन्ही. ती प्रतिकृती काय बोलणार: शक्यतो संपूर्ण संहिताच जोडावी. कुठे दाखवली जाणार आणि किती काळ. कोणत्या कंपनीच्या सेवेवर फाइल चढवल्या जाणार, की सर्व काम स्वतःच्याच संगणकावर होणार. मोबदला किती आणि केव्हा. माघार कशी घ्यायची, आणि माघार घेतल्यावर नेमके काय पुसले जाईल. शेवटच्या मुद्द्यावर प्रामाणिक राहा. छापून गेलेला कॅटलॉग परत घेता येत नाही, हे पत्रातच लिहा. न पाळता येणारे वचन देण्यापेक्षा ते बरे.

सहभागी व्यक्तीने स्वतःच्या अटी घालाव्यात म्हणून खाली कोरी जागा अवश्य सोडा. गिरगावातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा आवाज मी एका ध्वनिकामासाठी घेतला, तेव्हा मसुदा वाचून झाल्यावर काकूंनी त्या कोऱ्या जागेत स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: ‘माझ्या आवाजात कोणाकडे पैसे मागू नयेत. माझ्या आवाजात माझ्या विद्यार्थ्यांना काही सांगू नये.’ पहिली अट कोणीही घातली असती. दुसरी अट मात्र, ज्या माणसाच्या आवाजाला चाळीस-पन्नास वर्गांतली मुले ओळखतात, त्यालाच सुचू शकते. आपल्या आवाजाचा अधिकार कोणावर चालतो हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक होते, आणि त्या एका ओळीमुळे माझ्या संहितेची दिशा ठरली.

संमती दोनदा घ्या: एकदा ध्वनिमुद्रणाआधी आणि दुसऱ्यांदा तयार झालेली प्रतिकृती ऐकवल्यानंतर किंवा दाखवल्यानंतर. स्वतःची प्रतिकृती पाहण्यापूर्वी दिलेला होकार अर्धवट असतो. दुसऱ्या वेळी नकार आला, तर वाद घालू नये, गळ घालू नये, काम थांबवावे. म्हणूनच प्रदर्शनाची तारीख पक्की करण्याआधी दुसरी संमती हातात असावी.

मोबदल्याचा करार असेल तर तो मुद्रांकावर करावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कामांना १०० ऐवजी ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते, हे खर्चाच्या अंदाजात धरा. ज्यांना वाचता येत नाही किंवा नीट दिसत नाही, त्यांना पत्र वाचून दाखवताना त्यांच्या परवानगीने चित्रीकरण करावे आणि त्यांच्या विश्वासातला एक साक्षीदार बसवावा.

५. साधने आणि यंत्राला शिकवण्याचे साहित्य

साधनांची नावे दर सहा महिन्यांनी बदलतात, म्हणून त्यांत फार अडकू नये. त्रिमित कामासाठी ब्लेंडर, ध्वनीसाठी ऑडॅसिटी, संकलनासाठी डाविंची रिझॉल्व आणि मांडणीतल्या परस्परसंवादी भागासाठी टचडिझायनर, एवढ्यावर बरेच काही होते. यांतली पहिली दोन पूर्णपणे मोफत आहेत आणि उरलेल्या दोन्हींच्या मोफत आवृत्त्या मिळतात. प्रतिमानिर्मितीसाठी स्टेबल डिफ्यूजनसारखी प्रारूपे (साहित्यावर शिकवून तयार केलेली ‘मॉडेल’) स्वतःच्या संगणकावर चालवता येतात. ज्यांच्याकडे सक्षम ग्राफिक्स कार्ड नाही, ते गूगल कोलॅबसारखी सेवा घेतात. पण मग सहभागी व्यक्तीच्या फाइल बाहेरच्या सर्व्हरवर जातात आणि ते संमतीपत्रात लिहिलेले असावे लागते.

अधिक विचार साहित्याचा करावा लागतो. लायन-५बी या २०२२ मधल्या संग्रहात इंटरनेटवरून गोळा केलेल्या सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या आणि स्टेबल डिफ्यूजन त्याच्याच एका भागावर शिकले. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्यात बालकांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे आढळली आणि तो संग्रह मागे घ्यावा लागला. संमतीविषयी बोलणारी कलाकृती अशा पायावर उभी असेल, तर प्रेक्षकाने त्याबद्दल विचारणे योग्यच आहे. पूर्णपणे निष्कलंक साधन मिळणे अवघड असले, तरी आपण काय वापरले आणि का वापरले, हे भिंतीवरच्या मजकुरात सांगता येते.

मराठीतून काम करताना हा प्रश्न कानांना ऐकू येतो. ‘चाक’मधला च आणि ‘चित्र’मधला च आपण वेगळा उच्चारतो, मुख्यतः हिंदीवर घडलेले आवाजाचे प्रारूप दोन्ही सारखेच काढते. ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘बाळ’ हाक मारताना परका वाटतो. प्रतिमेतही तसेच होते: ‘नऊवारी नेसलेली कोळीण’ अशी सूचना दिली, की कासोट्याचा पत्ता नसलेली साडी मिळते, आणि ‘गिरगावची चाळ’ म्हटले की लाकडी कठड्याच्या गॅलरीऐवजी कोणतीही मोडकळीची वस्ती येते. हे दोष झाकून टाकण्याऐवजी कलाकृतीत राहू देण्याचा विचार जरूर करा. यंत्र शिकताना आपण त्याच्यासमोर किती कमी होतो, हे प्रेक्षकाला त्यातून आपोआप कळते.

मोकळ्या परवान्याचे साहित्य हवे असेल, तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात स्वेच्छेने दिलेले मराठी आवाज आहेत. मात्र त्यातल्या बोलणाऱ्यांची ओळख शोधण्याचा प्रयत्न करणार नाही, हे तो संग्रह घेताना मान्य करावे लागते. जुन्या चित्रपटांचे स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतात, त्यामुळे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आलेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज सर्वांचा आहे. तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके होते, म्हणजे पडद्यावरचा चेहरा आणि त्यामागचा माणूस यांचा प्रश्न या शहरात चित्रपटाइतकाच जुना आहे. त्या दृश्यांचा उपयोग करायचा असेल, तर मूळ चित्रपट मुक्त असला तरी अभिलेखागाराने दिलेल्या प्रतीच्या वापरावर वेगळ्या अटी असू शकतात, हे पाहून घ्या.

६. नोंदवही ठेवा

एक साधी तक्त्याची फाइल पुरे. प्रत्येक फाइलसमोर स्रोत, तारीख, संमतीपत्राचा क्रमांक, वापरलेले साधन आणि त्याची आवृत्ती, आणि ती फाइल कुठे-कुठे ठेवली आहे, एवढे लिहावे. पेन ड्राइव्ह, जुना लॅपटॉप, मित्राला पाठवलेली लिंक, सगळे लिहा. पुढे पुसायची वेळ आली, की याच रकान्याच्या आधारे ते करता येते.

७. खुलासा कलाकृतीतच असू द्या

‘शेवटच्या पाटीवर सांगू’ असे ठरवणाऱ्यांना मी नेहमी विचारते: अर्ध्यात उठून गेलेल्या प्रेक्षकाचे काय? कलादालनात बहुसंख्य लोक चित्रफीत पूर्ण पाहत नाहीत. शिवाय कोणीतरी मोबाइलवर दहा सेकंदांचा तुकडा टिपतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. तिथे फाइल दाबली जाते आणि तिच्या पोटातली उगमाची माहिती, म्हणजे ती कोणी आणि कशाने बनवली याची नोंद, गळून पडते. २०२१ पासून सीटूपीए या नावाने विकसित होत असलेली उगम-नोंदींची पद्धत जरूर वापरा, पण तिच्यावर विसंबू नका. चौकटीच्या आत, कापून टाकता येणार नाही अशा जागी, मराठीत ‘कृत्रिम चेहरा’ किंवा ‘कृत्रिम आवाज’ हे शब्द सतत दिसत राहिले पाहिजेत. ते चित्राचे सौंदर्य बिघडवतात असे वाटत असेल, तर त्या अक्षरांनाच रचनेचा घटक करा. अक्षरलेखनाची इतकी समृद्ध परंपरा असलेल्या भाषेत हे अवघड नाही.

आवाजाच्या कामात खुलासाही आवाजानेच करावा. काकूंच्या आवाजातली प्रतिकृती दर दोन मिनिटांनी म्हणते: ‘हा आवाज माझा आहे, पण हे वाक्य मी उच्चारलेले नाही.’ या वाक्यापाशी लोक हेडफोन काढून एकमेकांकडे पाहतात आणि पुन्हा कानाला लावतात. खुलाशामुळे परिणाम कमी होईल, ही भीती निराधार आहे. उलट, फसवणुकीच्या धक्क्यापेक्षा तो परिणाम अधिक काळ टिकतो.

कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाचाच चेहरा बदलून दाखवणारी मांडणी असेल, तर संमतीची पाटी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, आधी लावा. प्रतिमा जागच्या संगणकावरच तयार व्हावी, साठवली जाऊ नये, आणि ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांना काम पाहण्याची वेगळी वाट असावी. शाळांच्या सहली येतात, तेव्हा कॅमेरा बंद ठेवण्याची सूचना कलादालनातल्या मदतनिसांना लेखी द्यावी.

८. कायद्याची तोंडओळख

मी वकील नाही, त्यामुळे ठोस प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच. पण निदान पुढील गोष्टी माहीत असाव्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ६६क, ६६ड आणि ६६इ ही अनुक्रमे ओळखीची चोरी, संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक आणि खासगीपणाचा भंग यांविषयी आहेत. इंग्रजी प्रतीत त्यांची अक्षरे सी, डी आणि ई अशी दिसतात. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ यातील कलम ५२ टीका-समीक्षेसाठी मर्यादित वापराला वाव देते, तर कलम ३८ब कलावंताला आपल्या सादरीकरणाच्या विपर्यासाला हरकत घेण्याचा हक्क देते.

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना, त्यांच्या आवाजाच्या कृत्रिम प्रतिकृतींविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. दुसऱ्या बाजूला, विडंबन, उपरोध आणि कलेसाठी प्रसिद्ध व्यक्तींची नावे व प्रतिमा वापरण्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात म्हटले आहे. या दोन्हींच्या मधली जागा अरुंद आहे आणि तिथे उभे राहायचे तर तिकीट, विक्री किंवा प्रायोजक यांचा सहभाग किती, हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो. समाजमाध्यमांवर काम टाकताना, फेब्रुवारी २०२६ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार कृत्रिम आशयाची घोषणा करावी लागते आणि त्यावर ठळक लेबल असावे लागते, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्याच कामाचा तुकडा तोडून कोणी गैरवापर केला, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. अशा वेळी नोंदवही आणि संमतीपत्रे हाताशी असली, की सांगणे सोपे जाते.

९. जागा, परवानग्या आणि यंत्रे

जहांगीर कलादालनाच्या तारखांसाठी अर्ज खूप आधी करावा लागतो, त्यामुळे पहिल्या कामासाठी तिथे डोळे लावून बसू नये. फोर्ट-कुलाबा परिसरातली छोटी कलादालने, महाविद्यालयांचे महोत्सव आणि वाचनालयांची सभागृहे अधिक मोकळी असतात. काळा घोडा महोत्सव साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतो आणि मांडणीशिल्पांचे प्रस्ताव त्याच्या काही महिने आधी मागवले जातात. रस्त्यावर किंवा मैदानात काम ठेवायचे असेल, तर महापालिकेचे विभाग कार्यालय आणि स्थानिक पोलीस ठाणे या दोन्ही ठिकाणी अर्ज द्या. ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर चालत नाही.

प्रोजेक्टर, केबल आणि सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात, भाड्यानेही मिळतात. सलग चालणाऱ्या चित्रफितीसाठी लॅपटॉप अडकवून ठेवू नका. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक वीज गेल्यावर परत आली की स्वतःहून सुरू होईल असा बसवता येतो. कलादालनाच्या वायफायवर अवलंबून असलेले काम उद्घाटनालाच बंद पडते, म्हणून सर्व काही इंटरनेटशिवाय चालले पाहिजे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेव्हा उपकरणे जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवा.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

– दोन्ही टप्प्यांची संमतीपत्रे आणि त्यांची जोडलेली संहिता
– मोबदल्याचा करार आणि पैसे दिल्याची पावती
– साहित्याच्या परवान्यांच्या प्रती
– नोंदवहीची छापील प्रत
– कलादालनाशी झालेला करार, ज्यात खुलाशाची पाटी काढली जाणार नाही असे कलम आहे
– सार्वजनिक जागेसाठी मिळालेली परवानगीपत्रे
– पत्रकारांसाठी लेबलासह तयार केलेली छायाचित्रे

करारातले पाटीविषयीचे कलम अनेकांना अनावश्यक वाटते. एका कलादालनाने उद्घाटनाच्या संध्याकाळी छायाचित्रे चांगली यावीत म्हणून माझी पाटी उतरवून ठेवली होती. करारात कलम होते म्हणूनच ती न भांडता परत लावून घेता आली.

१०. प्रदर्शन संपल्यावर

कलाकृती विकली गेली, तर संमतीच्या अटी विकत घेणाऱ्यावरही बंधनकारक राहतील, असे विक्रीच्या करारात घाला; आवाजाचे किंवा चेहऱ्याचे मूळ प्रारूप विकू नका, केवळ तयार झालेली चित्रफीत द्या. न विकलेल्या कामाचे प्रारूप आणि कच्चे ध्वनिमुद्रण ठरलेल्या मुदतीत पुसून टाका, आणि नोंदवहीतला ‘कुठे ठेवले’ हा रकाना समोर ठेवून क्लाउडवरच्या, पेन ड्राइव्हवरच्या आणि सहकाऱ्यांकडच्या प्रतीही तपासा. संमतीपत्रे मात्र जपून ठेवावीत. पुसण्याचे काम झाले, की काय पुसले आणि काय उरले, उदाहरणार्थ कॅटलॉगमधले छायाचित्र किंवा एखाद्या वर्तमानपत्रात आलेली बातमी, हे सहभागी व्यक्तीला मराठीत लिहून कळवा आणि त्या पत्राची एक प्रत तिच्या संमतीपत्राच्याच फाइलमध्ये लावा.